माझी कामं वगळून

आमच्या कंपनीत मी प्लॅनिंग इंजिनिअर आहे. पद ऐकायला भारी आहे, पण काम सगळं बसून करायचं. कंपनीही फार मोठी नाही. वर्ध्यात एका दुकानाच्या वर तीन खोल्यांचं ऑफिस, आणि जिल्ह्यात चार-पाच ठिकाणी चाललेली बांधकामं. कुठे गोदाम, कुठे पाण्याची टाकी, कुठे शाळेच्या खोल्या. बाकीचे इंजिनिअर साइटवर उन्हात उभे असतात. मी कूलरसमोर बसून त्यांना विचारतो, उशीर का झाला?

तीन वर्षांपूर्वी आमच्या साहेबांनी एक सॉफ्टवेअर घेतलं. साहेब म्हणजे कंपनीचे मालक, साठीच्या पुढचे, स्वतः ओळंबा धरून मोठे झालेले. त्यांना ते सॉफ्टवेअर उघडता येत नव्हतं, म्हणून त्यांचा त्याच्यावर फार विश्वास होता. त्यात बांधकामातल्या प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी दिसायची. पाया, भिंती, स्लॅब, प्लास्टर, फरशी, रंग, सगळ्या पट्ट्या एकाखाली एक. एक काम झाल्याशिवाय दुसरं सुरू होत नसेल तर दोन पट्ट्या बाणाच्या बारीक रेघेनं जोडायच्या. मग भिंतीला आठवडा उशीर झाला की स्लॅबची पट्टी आपोआप आठवडाभर पुढे सरकायची आणि तिच्यामागे सगळी वरात. काम वेळेवर असलं तर पट्टी हिरवी, रेंगाळलं तर पिवळी, तारीख टळली की लाल. शिवाय धोक्यांचं एक वेगळं पान होतं. आज ज्याकडे कुणाचं लक्ष नाही असं कोणतं काम दोन महिन्यांनी घात करणार आहे, ते त्या पानावर आधीच लिहून यायचं.

मी त्या पानाच्या प्रेमात पडलो. डिप्लोमाला मला सर्व्हेच्या विषयात दोनदा बसावं लागलं होतं, साइटवर पहिल्याच वर्षी मी एका जिन्याला एक पायरी जास्त घातली होती, आणि आता अचानक जगातला सगळा उशीर मला बसल्या जागी दिसायला लागला होता. सकाळी चहा घेता घेता मी लाल पट्ट्या वाचायचो आणि एकेकाला फोन लावायचो. माणूस फोनवर काही कारण सांगायला लागला की मी मधेच तोडून म्हणायचो, "कारण नको, नवी तारीख सांगा." हे वाक्य मला फार आवडायचं. मी ते घरीही वापरून पाहिलं. बायको म्हणाली, "मोरीचा नळ दिवाळीपासून गळून राह्यला. त्याची नवी तारीख सांगा."

ही गोष्ट आहे वडनेरच्या पुढच्या एका गावातल्या शाळेची. शाळेच्या जुन्या खोल्या धोकादायक ठरवून पाडल्या होत्या आणि नव्या बांधायचं काम आमच्याकडे होतं. चार वर्गखोल्या, एक मुख्याध्यापकांची खोली, पुढे व्हरांडा. तोवर सगळे वर्ग गावातल्या बुद्धविहारात भरत होते. हॉल एकच. पाचवी, सहावी, सातवी, आठवी एकमेकींकडे पाठ करून बसायच्या. एका कोपऱ्यात पाढे, दुसऱ्यात कविता, आणि मधल्या बाकांवरची पोरं दोन्ही म्हणायची.

शाळेच्या मुख्याध्यापिका पन्नाशीच्या, सडपातळ आणि अतिशय नेमक्या बाई होत्या. त्या मला दर सोमवारी सकाळी फोन करायच्या. एकच प्रश्न विचारायच्या, "सर, जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा मुलं नव्या खोल्यांत बसतील का?"

"बसतील, मॅडम."

"नक्की?"

"मॅडम, मी अंदाजाने बोलत नाही. माझ्यासमोर लिहिलेलं आहे."

खरंच लिहिलेलं होतं. मीच लिहिलं होतं.

साइटवरचं काम एक मिस्त्री पाहायचे. पंचावन्नचे असतील. डोक्याला दुपट्टा, खिशात जाड पेन्सिल. त्यांनी माझ्या वडिलांच्या वयाच्या इंजिनिअरांसोबत काम केलं होतं, तरी मला साहेब म्हणायचे, त्यामुळे मला आपण साहेब आहोत असं वाटायचं. एप्रिलमध्ये त्यांच्या प्लास्टरची पट्टी लाल झाली तेव्हा मी फोन लावला.

"मिस्त्री, प्लास्टर दिवसाला किती होतं?"

"होते तेवढं होते, साहेब. सकाळी सहाले लागतो, अकराले बंद करतो. त्याच्यानंतर भिंतीले हात लावाले जमत नाई."

"पण दिवस नऊ ते सहाचा असतो."

"कुठचा?" मिस्त्रींनी विचारलं.

सॉफ्टवेअरचा दिवस नऊ ते सहाचा होता. वर्ध्याच्या उन्हाळ्याची त्याला कल्पना नव्हती, आणि मला असूनही मी ती त्याला दिली नव्हती. आठवडी बाजाराच्या दिवशी अर्धी माणसं दुपारीच निघून जातात, हेही मी त्यात घातलं नव्हतं. त्याच फोनच्या शेवटी मिस्त्रींनी विचारलं होतं, "आन् खिडक्या कधी येते, साहेब?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. खिडक्या बसवण्याची पट्टी जूनच्या पहिल्या आठवड्यात हिरवीगार पडली होती. "प्लॅनमध्ये आहे," मी म्हणालो. "हिरवं आहे."

ते हिरवं कसं होतं, ते आता सांगायला हवं.

खिडक्या लोखंडी होत्या आणि त्या वर्ध्यातला एक फॅब्रिकेशनवाला करून देणार होता. भिंतीत खिडक्यांसाठी ठेवलेली भोकं नकाशाबरहुकूम कधीच नसतात. एक इंच इकडे, अर्धा इंच तिकडे असतंच. म्हणून आमच्याकडे नियम होता: भिंती उभ्या राहिल्या की कोणीतरी साइटवर जाऊन प्रत्येक भोकाचं माप घ्यायचं, कागदावर सही करायची, आणि तो कागद मिळाल्यावरच फॅब्रिकेशनवाल्याने लोखंड कापायचं. हे काम फार तर अर्ध्या दिवसाचं. ते कोणाच्या नावावर होतं? माझ्या. मीच टाकलं होतं, मोठ्या हौसेने, सॉफ्टवेअर नवं असताना. आपणही साइटवर जातो हे दिसावं म्हणून.

मार्चच्या मध्यात त्याची तारीख आली. त्या दिवशी मी उशिरांचा अहवाल तयार करत होतो, म्हणून जमलं नाही. मी तारीख आठवडाभर पुढे केली. पट्टी लालची पिवळी झाली आणि मला काम केल्यासारखं वाटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा अहवाल होता. मी पुन्हा तारीख ढकलली. मग ऊन वाढलं. मोटरसायकलवर वडनेरपर्यंत जाणं नको वाटू लागलं. प्रत्येक वेळी मी तारीख ढकलली की मापांपासून खिडक्यांकडे जाणारा बाण खिडक्या बसवण्याची पट्टी पुढे ढकलायचा, तिच्यामुळे रंगाची पट्टी सरकायची, आणि शेवटी शाळा तयार होण्याची तारीखच शाळा उघडण्याच्या पलीकडे जाऊन बसायची. हे बरं दिसेना. तेव्हा एका दुपारी मी तो बाण पुसला. फक्त तात्पुरता. बाण गेल्याबरोबर सगळं जागच्या जागी आलं, खिडक्या हिरव्या, रंग हिरवा, शाळा हिरवी. आता सॉफ्टवेअरच्या मते मापं न घेता खिडक्या बनणार होत्या.

तरी ते धोक्यांचं पान गप्प बसेना. माझं नाव, माझं ते एक काम, रोज सकाळी सगळ्यात वर. मोबाइलवरही टिंग वाजायचं. मी आधी टिंग बंद केलं. मग अहवालात एक सोय सापडली. यादी गाळून घेता यायची: अमुक साइटची कामं वगळा, अमुक माणसाची वगळा. मी माझी वगळली. सोमवारच्या मीटिंगमध्ये उशिराचा अहवाल वाचून दाखवणाऱ्यानेच उशिराच्या यादीत असावं, हे मला शोभत नाही असं वाटलं. त्यानंतर माझे अहवाल फार स्वच्छ येऊ लागले.

इतके स्वच्छ की मे महिन्यात साहेब एकदम खूश होऊन म्हणाले, "सगळ्या साइटच्या पोरांना बोलाव आणि एक दिवस शिकव. धोका आधीच कसा ओळखायचा ते. तुला जमते ते त्यांनाही जमलं पाहिजे."

मी तीन दिवस तयारी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. ऑफिसच्या मोठ्या खोलीत प्रोजेक्टर लावला, पडदे ओढले. हिंगणघाट, आर्वी, समुद्रपूर अशा ठिकाणचे सहा इंजिनिअर उन्हातून आले होते आणि कूलरच्या दिशेने खुर्च्या सरकवून बसले होते. साहेब पहिल्या रांगेत. मी सुरुवात केली आणि थोड्याच वेळात दार उघडून मुख्याध्यापिका आत आल्या.

त्या एसटीने आल्या होत्या. हातात गोरसपाक बिस्किटांचा पुडा आणि पाकिटांचा एक गठ्ठा. नव्या खोल्यांच्या उद्घाटनाची पत्रिका छापून आली होती, म्हणाल्या, आणि पहिली पत्रिका मला द्यायची होती, कारण सबंध वर्षात तारीख छातीठोकपणे सांगणारा मी एकटाच माणूस भेटलो होतो. त्यांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं. साहेबांनी त्यांना मागे खुर्ची दिली, चहा सांगितला. म्हणाले, "बसा मॅडम, तुमच्याच शाळेचं उदाहरण देऊन राह्यला तो."

मी खरंच त्याच शाळेचं उदाहरण घेतलं होतं. ती माझी सर्वांत हिरवी साइट होती.

"आता बघा," मी म्हणालो, "धोका कधीही ओरडत येत नाही. तो एखाद्या लहानशा, बिनमहत्त्वाच्या कामात लपलेला असतो. असं काम जे कोणीतरी सारखं पुढे ढकलतंय." मी हे बोलत होतो. मला त्या क्षणी काहीही टोचलं नाही. मी पडद्यावर धोक्यांचं पान उघडलं. रिकामं. "या शाळेत असा एकही धोका शिल्लक नाही. याला म्हणतात नियोजन."

समुद्रपूरच्या साइटवरची एक इंजिनिअर मुलगी होती. नोकरीला लागून दोन वर्षं झाली असतील, फारशी बोलायची नाही. ती डोळे बारीक करून पडद्याकडे पाहत होती.

"सर, वर कोपऱ्यात बारीक अक्षरात काय आहे?"

"कुठे?"

"ते बघा. इंग्लिशमध्ये आहे." आणि तिने ते मोठ्याने, मराठी करून वाचलं, "माझी कामं वगळून."

"ते... ते सेटिंग आहे," मी म्हणालो.

साहेब खुर्चीत पुढे झुकले. "कोणाची कामं वगळून?"

"तसं काही नाही साहेब, यादी सुटसुटीत दिसावी म्हणून."

"काढून पाह्य ना बा ते."

खोलीत आठ माणसं माझ्या बोटाकडे बघत होती. मी ती खूण काढली. पान एका सेकंदात भरलं. वर लाल रंगात माझं नाव. त्याखाली: खिडक्यांची मापं घेणे व सही. त्याखाली सॉफ्टवेअरने, कुणी विचारलं नसताना, हेही लिहिलं होतं की या कामाची तारीख अकरा वेळा बदललेली आहे आणि त्याच्या पुढचा बाण काढून टाकण्यात आलेला आहे. बाण काढल्याची तारीख होती. वेळ होती. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. कोणी काढला, तेही होतं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मागून पर्स उघडल्याचा आवाज आला. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून डोळ्यांवर लावला, उठून प्रोजेक्टरच्या उजेडात आल्या आणि सबंध पान शांतपणे वाचलं.

"सर," त्या म्हणाल्या, "या खिडक्या म्हणजे आमच्याच शाळेच्या का?"

"हो मॅडम."

"म्हणजे त्या अजून बनल्या नाहीत?"

"नाही मॅडम."

त्यांनी पाकिटांचा गठ्ठा टेबलावरून उचलला आणि पर्समध्ये परत ठेवायला लागल्या. तो आत जाईना. आत-बाहेर, आत-बाहेर करत शेवटी त्यांनी तो छातीशी धरला. गोरसपाकचा पुडा मात्र टेबलावरच राहिला आणि तो नंतर कोणी फोडावा हे आम्हा कोणालाच समजेना.

साहेब ओरडतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "सगळे चहा घ्या." मग मला दाराबाहेर नेऊन हळू आवाजात म्हणाले, "शिकवणं झालं तुझं. आता गाडी काढ आणि जाय."

मी आधी फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. तो वेल्डिंगची काच कपाळावर सरकवून माझ्याकडे बघत राहिला. मी त्यालाच विचारलं, आणि याची मला आजही लाज वाटते, की तुम्ही आठवण का केली नाही.

त्याने खिशातून मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. मार्चमध्ये त्याचा मेसेज होता, साहेब शाळेची मापं पाठवा. एप्रिलमध्ये दुसरा. मेच्या सुरुवातीला तिसरा. तिन्हींच्या खाली माझा एकेक पिवळा अंगठा.

"तुम्ही अंगठा दाखोला," तो म्हणाला. "आता अंगठ्याच्या मापानं लोखंड कापू काय मी?"

"आता मापं दिली तर किती दिवस लागतील?"

"आता लग्नसराई हाय. गेट हायत, मांडवाचे पाइप हायत. तुमचं मार्चमधी असतं तं आठ दिवसात देलं असतं. आता महिना-सव्वा महिना धरा."

माझ्या तोंडात "कारण नको" एवढे शब्द आले होते. मी ते गिळले.

साइटवर पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. कामावर कोणी नव्हतं, अर्थातच. अकरालाच बंद झालं होतं. मिस्त्री नव्या स्लॅबच्या सावलीत दुपट्टा अंथरून पडले होते. मला बघून उठून बसले.

"साहेब, तुम्ही? घरी सगळे बरे हायत ना?"

मी म्हणालो, खिडक्यांची मापं घ्यायला आलोय. त्यांनी बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

अठरा खिडक्या होत्या. पहिल्या खिडकीचं माप मी मोठ्याने वाचलं आणि लिहून घेतलं. मिस्त्री म्हणाले, "साहेब, एवढ्या रुंद खिडकीतून बैलगाडी जाईन." मी टेपची सेंटिमीटरची बाजू धरली होती आणि इंच म्हणून लिहीत होतो. दुसऱ्या खिडकीपासून त्यांनी टेप स्वतःकडे घेतला आणि मला फक्त लिहायला सांगितलं. नकाशात अठराही खिडक्या एकसारख्या होत्या. भिंतीत मात्र कोणतीही एक दुसरीसारखी नव्हती. सातव्या खिडकीशी माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. मिस्त्रींनी मला हाताला धरून सावलीत बसवलं, माठातलं पाणी दिलं, थोडं डोक्यावरही ओतलं. मग कागद गुडघ्यावर घेऊन उरलेल्या अकरा खिडक्या त्यांनी स्वतःच मोजल्या, त्या जाड पेन्सिलीने. मी पडल्या पडल्या बघत होतो.

"तुम्हाला माहीत होतं ना, मिस्त्री, खिडक्या येणार नाहीत म्हणून?"

"मले वाटलं, तिकडे बनून राह्यल्या असतील."

"मग मला परत विचारायचं होतं."

"विचारलं ना. तुम्ही म्हणे, हिरवं आहे." त्यांनी टेप गुंडाळला. "मले वाटलं, हिरवा रंग देऊन राह्यले खिडक्यांले."

ते थट्टा करत होते की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी खाली सही केली. अर्ध्या दिवसाचं ते काम, जेमतेम दीड तासात झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांना फोन केला. सोमवार नव्हता. म्हणालो, कार्यक्रम महिनाभर पुढे जाईल, तुम्ही पालकांना कळवाल का?

"नाही," त्या म्हणाल्या. "तारीख तुम्ही दिली होती. परतही तुम्हीच घ्या."

त्यांनी रविवारी सकाळी विहारात पालकांची बैठक बोलावली. बहुतेक आयाच आल्या होत्या, चाळीसेक. वडील मंडळी दाराशी, कुंपणाशी उभी. बाक एका बाजूला सारले होते. मी लॅपटॉप घेऊन गेलो होतो. त्यांना पट्ट्या दाखवून, कोणतं काम कुठे अडलं ते नीट समजावून सांगावं असा बेत होता. खरं म्हणजे लॅपटॉप पुढे असला की मला मागे लपता येतं. मी तो उघडत होतो तेवढ्यात पुढे बसलेली एक बाई, मांडीवर लहान मूल, म्हणाली, "ते बंद करा भाऊ. तोंडानं सांगा."

मी बंद केला. उभा राहून सांगितलं. खिडक्या झालेल्या नाहीत. शाळा उघडेल तेव्हा मुलांना इथेच बसावं लागेल. चूक मिस्त्रींची नाही, खिडक्या करणाऱ्याची नाही. मापं घ्यायचं काम माझं होतं, ते मी अडीच महिने केलं नाही.

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "आन् ते कम्प्युटर होतं ना तुमच्यापाशी? मॅडम सांगे का त्याच्यात सगळं आधीच दिसते म्हणून. मंग त्याले काऊन नाई दिसलं?"

या प्रश्नाला इंजिनिअरकडे खूप उत्तरं असतात. मी त्यातली निम्मी मनात जुळवलीही होती.

"त्याला दिसलं होतं, आजी," मी म्हणालो. "ते मला रोज सांगत होतं. मीच त्याचं तोंड बंद केलं."

मग ती लहान मूलवाली बाई शेजारणीला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "आमच्या घरीबी असाच एक हाय." कुंपणाशी उभ्या माणसांपैकी एकाने मान खाली घातली आणि सगळा विहार हसला. मीही हसलो. राग गेला होता असं नाही. एका आईने उठून स्पष्ट सांगितलं, तिची मुलगी आठवीत आहे, दोन वर्षं झाली ती दुसऱ्या वर्गाचा आवाज ऐकत शिकते आहे, आणि हा महिना तिला कोणी परत देणार नाही. मी तिला सांगितलं, मलाही तो देता येणार नाही. ती बसली, पण माझ्याकडे बघत राहिली, आणि ते बघणं मला पट्टीच्या कुठल्याही लाल रंगापेक्षा जास्त लागलं.

ऑफिसमध्ये मी तो बाण परत जोडला. जोडताच पंधरा पट्ट्या एकदम उजवीकडे सरकल्या आणि निम्म्या लाल झाल्या. त्या लालीत माझा इतक्या महिन्यांचा स्वच्छ अहवाल बुडून गेला. साहेबांनी एक नियम केला: यापुढे सोमवारच्या मीटिंगमध्ये पहिलं नाव माझं वाचायचं, मग बाकीच्यांचं. वाचायचं समुद्रपूरच्या त्या मुलीने. ती कोणताही चढउतार न करता, हवामानाचा अंदाज वाचतात तसं वाचते. एका सोमवारी तिने माझी चार कामं वाचली आणि विचारलं, "सर, काही कारण?" मी कारण सांगायला लागलो. तिने ते पूर्ण ऐकून घेतलं. मी कधी कुणाचं पूर्ण ऐकलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

उन्हाळ्यात कामाचा दिवस सकाळी सहा ते अकरा, हे मी मिस्त्रींना विचारून सॉफ्टवेअरमध्ये घातलं. बाजाराचा दिवस घातला. कापूस वेचणीचे दिवस आले की निम्मी माणसं शेतात जातात, तेही घातलं. मिस्त्री फोनवर एकेक सांगत होते आणि मी लिहीत होतो. शेवटी म्हणाले, "झालं काय साहेब? का अजून काई राह्यलं?" मी म्हणालो, बिमारीचे दिवस किती धरू? "ते नका धरू," ते म्हणाले. "धरले का येते."

सव्वा महिन्याचे दोन महिने होऊन खिडक्या जुलैच्या शेवटी आल्या. ट्रकमधून उतरवताना मी तिथे होतो, मला कोणी बोलावलं नव्हतं. अठरापैकी सतरा पहिल्या झटक्यात बसल्या. अठरावी बसेना, अर्धा इंच मोठी निघाली. कागद काढून पाहिला. ते पहिल्याच खिडकीचं माप होतं, माझ्या अक्षरातलं. मी सेंटिमीटर खोडून घाईघाईने इंच केले होते आणि करताना चुकलो होतो. मिस्त्रींनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि छिन्नी-हातोडा घेऊन भिंत तेवढी खरवडायला लागले.

मुख्याध्यापिकांनी नव्या पत्रिका छापल्या नाहीत. जुन्याच होत्या, त्यातली तारीख खोडून नवी हाताने लिहायची होती. पण खिडक्या बसल्या, रंग झाला, त्या स्वतः प्रत्येक खिडकी उघडून लावून पाहून आल्या, तोवर त्यांनी नवी तारीख ठरवूच दिली नाही. मग एका दुपारी मी विहारात त्यांच्यासमोर बसून सगळ्या पत्रिकांवर तारीख लिहिली. त्या शेजारी वह्या तपासत होत्या. अधूनमधून माझ्या हातातली पत्रिका घेऊन बघायच्या आणि परत द्यायच्या.

कार्यक्रमाच्या दिवशी मुलं बाक डोक्यावर घेऊन विहारातून नव्या खोल्यांत गेली. मीही एक बाक उचलला. भाषणात मुख्याध्यापिकांनी मिस्त्रींचे आभार मानले, खिडक्या करणाऱ्याचे मानले, पालकांचे मानले. माझंही नाव घेतलं. म्हणाल्या, यांनी आम्हाला खरं सांगितलं, थोडं उशिरा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्यातल्या कोणत्या शब्दासाठी वाजवल्या ते समजलं नाही.

परवा त्यांचा पुन्हा फोन आला. आता शाळेला संरक्षक भिंत मंजूर झाली आहे आणि ते कामही आमच्याकडेच आलं आहे.

"सर, भिंत कधी होईल?"

मी घाईने उत्तर दिलं नाही. म्हणालो, "मॅडम, सॉफ्टवेअर म्हणतंय फेब्रुवारी. मिस्त्री म्हणतायत मार्च."

"आणि तुमच्या नावावर त्यात किती कामं आहेत?"

मी पाहिलं. "दोन."

पलीकडे पेनचं टोपण काढल्याचा आवाज आला. "मग मी एप्रिल लिहून ठेवते," त्या म्हणाल्या.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी मनातल्या मनात हिशेब करून पाहिला, आणि त्यांचाच अंदाज बरोबर वाटला.